कलालाची ओसरी

जळगांवहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नशिराबाद हें जुनें बाजारपेठेचें गांव लागतें. आगगाडीनें येणाऱ्यास तें भादली स्टेशनापासून सुमारें एका कोसावर आहे. एके काळीं कांचेच्या बांगड्यांसाठीं या गांवाची ख्याति होती. तेथील मुसलमान कारागिरांचा हा धंदा आणि त्याला पुढें आलेला पडता काळ यांची नोंद इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरकारांनीं आस्थेनें करून ठेविली आहे. परंतु खानदेशांत कांचेच्या भट्टीहून अधिक सर्रास आढळणारी दुसरी एक भट्टी असे. ती कलालाची. तिच्या धन्याचा उल्लेख सरकारी कागदांत येतो तो वसुलीच्या तक्त्यांत, नाहीं तर फौजदारी खटल्यांत; आणि ग्रंथांत येतो तो बहुधा उपदेशाच्या प्रकरणांत. बांगडी ओतणारा कारागीर ठरला. पेला ओतणारा मात्र गुन्हेगाराचा शेजारी ठरला.

अलीकडे २४ फेब्रुवारी हा दिवस जगांतील कित्येक शहरांत ‘बारटेंडरांचा दिवस’ म्हणून पाळला जातो. बारटेंडर म्हणजे मद्यगृहांत फळीच्या पलीकडे उभा राहून पेय सिद्ध करणारा आणि पिणाऱ्याच्या हातीं देणारा माणूस. हा शब्द आपल्याकडे नवा असला, तरी हा माणूस मुळींच नवा नाहीं. मद्य बरें कीं वाईट हा वाद जुना आहे, आणि खानदेशांतील हजारों घरांनीं त्याचें उत्तर स्वतःच्या संसाराची किंमत देऊन मिळविलेलें आहे. पण त्या वादाच्या धुराळ्यांत ज्याच्या हातीं माप होतें त्या माणसाकडे नीट पाहावयाचें राहून गेलें.

संस्कृतांत त्याला ‘शौंडिक’ असें नांव आहे. शुंडा म्हणजे मद्य, आणि शुंडा म्हणजे हत्तीची सोंडहि. भट्टीच्या तोंडापासून निघणारी नळी सोंडेसारखी दिसते, म्हणून हा शब्द रूढ झाला असावा, असा तर्क कांहीं संशोधकांनीं केला आहे. तर्क मोहक आहे; तो तर्क म्हणूनच घ्यावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मात्र सुराध्यक्षावर एक सबंध अध्याय आहे, आणि त्यांतील पानागाराचें वर्णन वाचून आजच्या हॉटेलवाल्यानेंहि मान डोलवावी. पानागाराला अनेक दालनें असावींत, वेगवेगळीं आसनें व शय्या असाव्यात, सुगंध, फुलें आणि पाणी यांची सोय असावी, प्रत्येक ऋतूंत तेथें सुख वाटावें, असें कौटिल्य सांगतो. बाहेर मद्य नेऊं द्यावयाचें तें ज्याचें शील ठाऊक आहे त्यालाच, आणि तेंहि ठराविक मापानें. गिऱ्हाईक बेशुद्ध असतां त्याचा दागिना किंवा वस्त्र नाहींसें झालें, तर तें विक्रेत्यानें भरून द्यावें आणि वर तितकाच दंड सोसावा. कोण आपल्या ऐपतीबाहेर खर्च करितो यावर तेथें हेरांची नजर असे. उत्सव-यात्रांच्या प्रसंगीं चार दिवस लोकांना मद्य करण्याची मोकळीक होती. आणि एक नियम असा कीं, नासलेल्या मद्याखेरीज इतर मद्य उधारीवर देऊं नये. निदान त्या जागीं योजलेल्या शब्दाचा अर्थ पुष्कळ अभ्यासक तसा करितात. या उधारीची गोष्ट पुढें पुन्हा येणार आहे.

उधार हा या धंद्याचा जन्मजात सोबती दिसतो. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचा कायदा सुमारें पावणेचार हजार वर्षांचा जुना. त्यांत मद्यगृह चालविणारी जी आहे ती स्त्री आहे. तिनें धान्य नाकारून चढ्या वजनानें चांदी घेतली आणि माप मारलें, तर तिला नदींत फेकावें, अशी शिक्षा सांगितली आहे. तिच्या घरीं बंडखोरांची मसलत झाली आणि तिनें त्यांना धरून दिलें नाहीं, तर तिला मरणाची शिक्षा. मात्र तिनें साठ मापें मद्य उधार दिलें, तर सुगीला पन्नास मापें धान्य तिला मिळालेंच पाहिजे, असेंहि तोच कायदा म्हणतो. माप आणि उधारी यांबरोबर कानांवर पडलेल्या गोष्टींचीहि जबाबदारी पेला भरणारीच्या पदरीं इतक्या जुन्या काळीं पडलेली होती.

आपल्याकडील स्मृतिकारांची दृष्टि अधिक कडक. मद्यगृहावर ध्वज लावण्याची चाल असल्यामुळें मनुस्मृतींत मद्यविक्रेत्याला ध्वजाच्याच नांवानें ओळखलें आहे, आणि त्याचें पाप मोजून दाखविलें आहे: दहा खाटिकखान्यांबरोबर एक तेल्याचा घाणा, दहा घाण्यांबरोबर एक मद्यगृह, दहा मद्यगृहांबरोबर एक वेश्यागृह. गंमत अशी कीं ही उतरंड तेथें थांबत नाहीं. दहा वेश्यागृहांच्या तोडीचा म्हणून शेवटीं राजा येतो. मद्याच्या उत्पन्नावर पुढें ज्या ज्या सरकारांनीं खजिने भरले, त्यांच्या अधिकाऱ्यांनीं हा श्लोक वाचला असेल असें वाटत नाहीं.

‘कलाल’ हा शब्द ‘कल्यपाल’ या संस्कृत शब्दावरून आला. कल्हणाच्या बाराव्या शतकांतील राजतरंगिणींत एका कल्यपालाची मुलगी काश्मीरच्या राजाच्या अंतःपुरांत गेल्याची आणि तिचा मुलगा गादीवर बसल्याची हकीकत आहे. पंजाबांतील कपूरथळ्याच्या घराण्याचा मूळ पुरुष, अठराव्या शतकांतील शीख सेनानी जस्सासिंग अहलुवालिया, हाहि कलाल कुळांतला. खानदेशांतील कलालाच्या वांट्याला असें राजवैभव आलें नाहीं. बारा बलुतेदारांत त्याला जागा नव्हती. सुताराला, लोहाराला, कुंभाराला खळ्यावर धान्याचा वांटा हक्कानें मिळे. कलालाला मात्र आपला दाम गिऱ्हाइकाकडून स्वतः उगवावा लागे. ज्याला खळ्यावर हक्क नाहीं त्याला वहीचा आधार घ्यावा लागतो, आणि वही आली कीं व्याज आलें.

त्याचा कच्चा माल मोहाचा. सातपुड्याच्या पायथ्याशीं मार्च-एप्रिलांत, पानगळ होऊन गेल्यावर, मोहाचीं मांसल, फिकट फुलें रात्रभर गळतात. पहांटे बायका-मुलें तीं टोपल्यांत वेंचून आणितात आणि उन्हांत पसरून सुकवितात. सुकलेल्या फुलांत साखर इतकी असते कीं दुष्काळाच्या सालीं त्यांवरच डोंगरांतील कुटुंबें तगलेलीं आहेत. हीं फुलें मडक्यांत भिजत घालून कांहीं दिवस आंबवावयाचीं, मडकें चुलीवर चढवून त्याच्या तोंडावर दुसरें भांडें मातीनें लिंपून बसवावयाचें, आणि पोकळ बांबूच्या नळीनें वाफ गार पाण्यांत ठेवलेल्या भांड्यांत उतरवावयाची, एवढीच ती कृति. पण आंबवण किती दिवसांत उठेल हें हवेवर, फुलांवर आणि पाण्यावर अवलंबून. जाळ मोठा झाला तर करपट वास लागतो. लहान झाला तर धार तुटते. कलाल तें नाकानें आणि कानानें ओळखी. दारू हलवून वर येणारे बुडबुडे किती मोठे आहेत आणि किती वेळ टिकतात, यावरून तिचा जोर सांगे; विस्तवावर थेंब टाकून पारख करी. आरंभीं उतरते ती सर्वांत तीव्र. ‘पहिल्या धारेचा’ हा शब्दप्रयोग ज्यांनीं कधीं भट्टी पाहिलीहि नाहीं अशा मराठी माणसांच्या तोंडीं आहे, तो कलालाच्याच घरचा.

त्या ओसरीवर पेलेहि काचेचे नसत. नशिराबादची कांच मनगटावर शोभली. कलालाकडे मातीचें भांडें, नाहीं तर पळसाच्या पानांचा द्रोण.

राजवाड्यांत याच कामाचें रूप निराळें होतें. तेथें ‘आबदार’ असे. आब म्हणजे पाणी. पिण्याचें पाणी, सरबतें आणि इतर पेयें राखणें, थंड करणें आणि बिनधोक धन्याच्या हातीं देणें हें त्याचें काम. ‘बिनधोक’ हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा, कारण विषप्रयोगाच्या काळांत आबदाराच्या इमानावर गादी टिकत असे. अकबराच्या दरबारीं सोऱ्यानें पाणी गार करण्याची रीत ऐन-इ-अकबरींत मापांसह दिली आहे: एका भांड्यांत अडीच शेर सोरा आणि पांच शेर पाणी घेऊन त्यांत शेरभर पाण्याची बंद सुरई फिरवीत राहावयाची. मराठ्यांच्या अठरा कारखान्यांतहि आबदारखाना आणि सरबतखाना हीं नांवें येतात. पुढें कंपनीच्या साहेबांनीं हाच आबदार आपल्या बंगल्यांत व क्लबांत नेमला. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून बर्फाचें पहिलें जहाज कलकत्त्यास येईपर्यंत साहेबाचा पेला गार राहिला तो या आबदाराच्या मनगटामुळें. सरकारचें जें खातें दारूवर कर बसवितें त्याचें ‘आबकारी’ हें नांवहि त्याच ‘आब’ शब्दापासून झालें आहे.

याच सुमारास हिंदुस्थानानें जगाच्या मद्यगृहांना एक देणगी दिली, आणि ती खानदेशाच्या अगदीं शेजारून गेली. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा मोंगली व्यापाराचा रस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडें असा खानदेशांतून जाई. त्या सुरतेच्या वखारींत इंग्रज व्यापारी अर्क, साखर, लिंबाचा रस, मसाला आणि पाणी एकत्र करून पीत, आणि पांच जिनसांचें म्हणून त्याला ‘पंच’ म्हणत. १६३२ सालच्या एका इंग्रजाच्या पत्रांत हें नांव प्रथम आढळतें. १६३८ सालीं सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानें तें नोंदविलें. आणि त्यानंतर चाळीस वर्षांच्या आंत येथें आलेल्या डॉक्टर फ्रायरनें तें ‘पांच’ या देशी शब्दावरून आल्याचें स्पष्ट सांगितलें. कित्येकांना ही व्युत्पत्ति मान्य नाहीं. पण फ्रायर या किनाऱ्यावर राहून लिहीत होता, हें त्याच्या बाजूनें मोठें बळ आहे.

मुंबईंत या पंचाचीं दुकानें इतकीं माजलीं कीं १६९४ सालीं सरकारला हुकूम काढावा लागला. तो मासलेवाईक आहे. दुकानांत येणाऱ्या कोणाहि माणसानें ठराविक मापाचा उत्तम गोवेकरी अर्क, अर्धा रत्तल साखर आणि ठराविक लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपणच तयार करावा. वाडग्यावर बाजारच्या कारकुनाची मोहोर नसेल, तर गिऱ्हाइकानें तो वाडगा खुशाल फोडावा. वाडग्याचा पैसा द्यावयाचा नाहीं, आणि आंतल्या पंचाचाहि नाहीं. पेला भरणाऱ्यावर सरकारचा इतका अविश्वास कीं त्याच्या हातांतलें कामच काढून गिऱ्हाइकाच्या हातीं दिलें. अविश्वास अगदींच निराधार नसावा. माप मारण्याची विद्या हम्मुराबीच्या काळापासून चालत आलेली होती.

पेशवाईंत मद्य करण्यावर व विकण्यावर कडक निर्बंध होते. इंग्रजी राज्य आलें आणि दारू हें उत्पन्नाचें कलम झालें. विक्रीचा हक्क लिलावानें मक्त्यास दिला जाई. मराठींत अशा ठेक्याला ‘गुत्ता’ हा जुना शब्द होता. जकातीचा गुत्ता, गांवाचा गुत्ता असें लोक बोलत. दारूचे गुत्ते इतके वाढले कीं बाकीचे अर्थ मागें पडून ‘गुत्ता’ म्हणजे दारूचें दुकान असाच अर्थ लोकांच्या मनांत बसला. राज्यकारभारानें भाषेवर उमटविलेला याहून स्पष्ट ठसा दुसरा दाखवितां येणार नाहीं.

१८७८ सालीं मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला. गांवोगांवच्या लहान भट्ट्या मोडून मोठ्या ठिकाणीं एकत्र दारू गाळावी, तिच्यावर तेथेंच कर घ्यावा, आणि परवानेवाल्या दुकानदारानें ती ठराविक तीव्रतेची नेऊन ठराविक भावानें विकावी, अशी ती व्यवस्था होती. कलालाच्या आयुष्यांत हा मोठा फेरफार होता. पिढ्यान्‌पिढ्या तो करणाराहि होता आणि देणाराहि. आतां त्याची पारख, त्याचें नाक, त्याचा जाळावरचा हात यांना किंमत उरली नाहीं. परवान्याची पाटी लावून दुसऱ्यानें केलेला माल मापून देणें एवढेंच उरलें. आणि पुष्कळ ठिकाणीं तेंहि उरलें नाहीं, कारण लिलावांत भांडवलवाला उभा राही. खानदेशांत आणि गुजरातेंत पारशी मक्तेदार आले ते याच वाटेनें. पिठावाला, दारूवाला हीं आडनांवें त्या धंद्याचीं साक्षीदार आहेत. ठाणें-कुलाबा भागांत १८९२ सालीं मोहाच्या फुलांवरहि निर्बंध घालणारा निराळा कायदा झाला.

दुकानें वाढलीं तसा विचारवंतांचा विरोधहि वाढला. जोतीराव फुले यांनीं १८८० सालीं, पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतां, दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या पुढारीपणाखालीं पुण्यांत दुकानांवर स्वयंसेवकांचे पहारे बसले. तथापि या धंद्यावर सर्वांत मोठा घाव घातला तो शहरांतील पुढाऱ्यांनीं नव्हे.

डोंगरी भागांत मक्तेदाराची वही फुगत गेली होती. सणाला उधार, लग्नाला उधार, मयताला उधार; आणि फेड होईना म्हणून त्याच्या शेतावर राबणूक, नाहीं तर जमीनच त्याच्या नांवावर. दक्षिण गुजरातेंत आणि त्याला लागलेल्या रानांत हें सर्रास घडत होतें. १९२१-२२ च्या सुमारास ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कोळ्यांत देवीच्या साथीवरून एक पूजाविधि सुरू झाला. तो गांवामागून गांव घेत नाशिक, सुरगाणें, डांग या वाटेनें सुरत जिल्ह्यांत आणि खानदेशांत पोंचला. अंगांत येणाऱ्यांच्या मुखानें देवी आज्ञा करी: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, आणि पारशी दारूवाल्याशीं कसलाहि व्यवहार ठेवूं नका. हजारों आदिवासी माणसें पालापाचोळ्यावर बसून हें ऐकत होतीं. त्यांत कोणी पुढारी नव्हता, छापील पत्रक नव्हतें. दुकानें ओस पडलीं. कांहीं ठिकाणीं लोक पुन्हा पेल्याकडे वळले, कांहीं ठिकाणीं वळले नाहींत. परंतु उधारीच्या वहीपुढें मान वांकविण्याची जुनी संवय मोडली. पुढें १९३० नंतरच्या दशकांत तळोदें तालुक्यांत मोरवड येथें गुला महाराजांच्या आरतीला भिल्लांचे मेळे जमूं लागले; तेथेंहि दारू सोडणें हाच पहिला नियम होता. उधार देऊं नये हा कौटिल्याचा नियम पाळला गेला असता, तर या देवीला इतक्या डोंगरांतून हिंडावें लागलें नसतें.

नशिराबादेपासून फारसें दूर नसलेल्या फैजपुरास डिसेंबर १९३६ मध्यें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. दुसऱ्याच वर्षीं प्रांतोप्रांतीं काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं. १ ऑगस्ट १९३९ रोजीं डॉ. गिल्डर यांच्या पुढाकारानें मुंबई शहरांत दारूबंदी झाली, आणि ते स्वतः पारशी होते ही गोष्ट त्या समाजांतील दुकानदारांना विशेष झोंबली. मंत्रिमंडळानें राजीनामा दिल्यावर ती योजना ढिली पडली. १९४९ सालचा दारूबंदी कायदा मात्र सबंध मुंबई प्रांताचा होता, आणि १९५० च्या एप्रिलपासून परवान्याखेरीज पेला उचलणें हा गुन्हा झाला. कलालांनीं किराणा, शेती, ठेकेदारी असे मार्ग धरले. मुंबईच्या गल्ल्यांत गोवेकरी ख्रिस्ती बायकांच्या खोल्या चालूं लागल्या. पोलिसांच्या लेखीं त्या गुन्हेगार, गिऱ्हाइकांच्या लेखीं ‘आंटी’. घरधनी गमावलेल्या कित्येकींचा चरितार्थ त्यावर चाले. बाबिलोनची ती बाई पुन्हा एकदां कायद्यासमोर उभी राहिली होती. १९६० नंतरच्या दोन दशकांत बंदी सैल होत गेली. पण परवान्याचा नियम आजहि कायद्यांत आहे, आणि ‘परमिट रूम’ हें नांव महाराष्ट्राच्या हमरस्त्यांवर अजून वाचावयास मिळतें.

पश्चिमेकडे या धंद्याला प्रतिष्ठा मिळाली ती लेखणीमुळें. अमेरिकेंत जेरी टॉमस यानें १८६२ सालीं मिश्र पेयांच्या कृतींचें पहिलें पुस्तक छापलें, आणि त्यांत पंचाच्या कृतींना भरपूर जागा दिली. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत १९०३ पासून दोन दशकांहून अधिक काळ एडा कोलमन ही बाई मुख्य होती. १९२० सालीं अमेरिकेंत दारूबंदी झाल्यावर तिकडून आलेल्या हॅरी क्रॅडक यानें तिच्यामागून तें काम चालविलें, आणि १९३० सालीं त्याचें प्रसिद्ध पुस्तक निघालें. खानदेशच्या कलालाचें ज्ञान मात्र कोणीं कागदावर उतरवून घेतलें नाहीं. भट्टीबरोबर तेंहि विझलें.

मुंबईंत १९८० च्या दशकाच्या आरंभीं शतभी बसू यांनीं हें काम पत्करलें, तेव्हां या देशांत फळीमागें उभी राहिलेली स्त्री विरळाच होती. पुढें त्यांनीं हें शिक्षण देणारी संस्थाहि काढली. दिल्लीस लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब आबकारी कायद्यानें जेथें लोक मद्य पितात अशा जागीं स्त्रियांना आणि पंचवीस वर्षांखालील पुरुषांना नोकरीस बंदी होती. त्यांतील स्त्रियांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २००७ मध्यें रद्द ठरविली. रक्षणाच्या नांवाखालीं माणसाची रोजी काढून घेतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे.

महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं मोहाचीं फुलें गोळा करण्यावरील व वाहून नेण्यावरील निर्बंध उठविले. गोव्याच्या बाजारांत त्याआधींच, २०१८ पासून, बाटलीबंद मोहाचें मद्य मिळूं लागलें होतें. मोठ्या हॉटेलांतील बारटेंडर तें आतां लिंबू आणि साखर घालून कांचेच्या पेल्यांत देतात. सातपुड्यांत अजूनहि, जेथें मोहाची धार धरली जाते तेथें, ज्याच्या हातीं भांडें असेल तो द्रोण भरण्यापूर्वीं चार थेंब जमिनीवर सोडतो, देवांना आणि गेलेल्या माणसांना. आणि मग वांटावयास लागतो.